खुर्ची आधी, अभ्यास नंतर

शाळेच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकात उभे राहावे. पुंडलिकनगर, हनुमाननगर, विजयनगर, शिवाजीनगर या वसाहतींतून निघालेल्या मोटारसायकली आणि चौघा-पाचांनी भागीत ठरवलेल्या गाड्या पैठण, गंगापूर, फुलंब्री, अंबडच्या वाटांना लागतात. ही जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतली मास्तर मंडळी. त्यांच्या या रोजच्या जाण्यायेण्याला सगळा मराठवाडा ‘अप-डाऊन’ म्हणतो. शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहावे की नाही, यावर २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत प्रश्न उभा केला आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या वादात इथे शिरायचे नाही. या गाड्यांतल्या एकाच माणसाकडे पाहायचे आहे: ज्याच्याकडे शाळेचा ‘चार्ज’ आहे त्याच्याकडे.

इतरांच्या पिशवीत डबा आणि टाचणवही असते. याच्या पिशवीत त्याशिवाय शाळेचे शिक्के, धनादेश पुस्तक, पोषण आहाराची नोंदवही आणि काल रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘आजच माहिती सादर करावी’ या निरोपाची धास्ती असते. वीस-पंचवीस वर्षे त्याने गणित शिकवले किंवा मराठी. बी.एड.ला पाठ दिले, निरीक्षणे लिहिली, घटक चाचण्या काढल्या. शाळा चालवायची कशी, हे मात्र त्याला शाळा हातात येईपर्यंत कोणी शिकवलेले नसते. महाराष्ट्रात शाळांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतल्या बहुतेकांचा कारभार असा, खुर्चीवर बसल्यावर शिकलेल्या माणसांच्या हाती आहे.

गंमत अशी, की शैक्षणिक प्रशासन हा विषय विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. त्याला पाठ्यपुस्तके आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, पीएच.डी.चे प्रबंध आहेत. आणि छत्रपती संभाजीनगर हे तर तो शिकवणाऱ्या संस्थांचेच शहर आहे. मग गारखेड्यातले हे सर आणि तो अभ्यास यांची गाठ वेळेवर का पडत नाही?

मुख्याध्यापक होतो कसा?

खासगी अनुदानित माध्यमिक शाळेपुरते बोलायचे तर उत्तर एका पुस्तिकेत आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम १९७७ सालचा, त्याखालची नियमावली १९८१ ची. शिक्षकांच्या बोलण्यात ती ‘एमईपीएस’ म्हणून येते. तिच्या तिसऱ्या नियमानुसार माध्यमिक शाळेच्या प्रमुखाला पदवी हवी, बी.एड. हवे आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेत किमान पाच वर्षे पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव हवा, त्यांतली दोन वर्षे बी.एड.नंतरची. या अटी पूर्ण करणाऱ्यांत सेवाज्येष्ठ जो, आणि ज्याची सेवा समाधानकारक, त्याला पद द्यायचे. सेवाज्येष्ठता मोजायची रीत बाराव्या नियमात आणि ‘अनुसूची फ’मध्ये दिली आहे. या साऱ्यात शाळा व्यवस्थापनाच्या एखाद्या प्रमाणपत्राची सक्ती कुठेही नाही.

या नियमाला नावे ठेवणे सोपे आहे. तो का आला हे विसरून मात्र चालणार नाही. त्याआधी संस्थाचालकाच्या मर्जीवर मुख्याध्यापक बसत आणि उठत. भाचा, जावई, निवडणुकीत राबलेला कार्यकर्ता यांच्यासाठी वीस वर्षांचा शिक्षक बाजूला सारला जाई. सेवाज्येष्ठतेने ती मर्जी बांधून टाकली. कर्तबगारी मोजायची फूटपट्टी कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून वर्षे मोजली गेली.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची तऱ्हा वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० हून अधिक मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक, सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एवढी मुले कुठून येणार? तिथे दोघांतला ज्येष्ठ तो ‘प्रभारी’. तो पहिली-दुसरीला शिकवतो आणि मधल्या सुट्टीत कार्यालय होतो. त्याला पदही नाही आणि प्रशिक्षणही नाही, जबाबदारी मात्र पूर्ण आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक ठरवली. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. ज्यांची त्याहून कमी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. म्हणजे मुख्याध्यापकपदाच्या वाटेवर कित्येक वर्षांनी एक नवी परीक्षा उभी राहिली, आणि तीही बालमानसशास्त्राची, भाषेची, गणिताची. प्रशासनाचा त्यात एकही प्रश्न नसतो.

एकाच शहरातली चार दारे

गारखेडा शहराच्या दक्षिणेला आणि विद्यापीठ पार उत्तर-पश्चिमेला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. विधिमंडळाने नामांतराचा ठराव १९७८ मध्ये केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. तिथल्या शिक्षणशास्त्र विभागात एम.एड. आणि पीएच.डी.चे शिक्षण मिळते. एम.एड.चा आराखडा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. २०१४ च्या विनियमांनी हा अभ्यासक्रम एका वर्षावरून दोन वर्षांचा केला आणि विशेषीकरणासाठी जी क्षेत्रे सुचवली त्यांत शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासन हे एक, तर धोरण, अर्थशास्त्र व नियोजन हे दुसरे. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो.

दुसरे दार नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. त्याचे एक विभागीय केंद्र याच शहरात आहे. नोकरीतल्या शिक्षकांसाठी त्याने ‘शालेय व्यवस्थापन पदविका’ काढली. ‘डीएसएम’ ही तीन अक्षरे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुख्याध्यापकांच्या दारावरच्या पाटीवर एम.ए., बी.एड.च्या मागे दिसतात. मराठीतली स्वयंअध्ययनाची पुस्तके, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे आणि शाळेतच करायचे प्रकल्प, अशी तिची घडण. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचीही शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासन यावरची पदव्युत्तर पदविका आहे.

तिसरे दार सरकारचे. शैक्षणिक नियोजन व प्रशासन याच विषयाला वाहिलेली राज्याची संस्था, जिला सगळे ‘मिपा’ म्हणतात, ती पुण्यात नाही आणि मुंबईतही नाही, छत्रपती संभाजीनगरात आहे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी यांची प्रशिक्षणे घेणे हे तिचे काम. चौथे दार जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे ‘डाएट’चे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या संस्था देशभर आल्या.

चारही दारे उघडी आहेत. पण विद्यापीठ पदवी देते, तिच्यात सध्याच्या शाळेचा कारभार फारसा नसतो. मिपा आणि डाएट कारभार शिकवतात, पण पदवी देत नाहीत. मुक्त विद्यापीठ दोन्ही थोडे थोडे देते, पण ते घ्यायला शिक्षक येतो तो बहुधा वेगळ्याच कारणाने.

ते कारण पगाराच्या कोष्टकात आहे. चट्टोपाध्याय आयोगानंतर शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळू लागली. निवड श्रेणीसाठी अर्हता वाढवावी लागते, आणि ती वरिष्ठ श्रेणीतल्या वीस टक्के पदांनाच मिळते. म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतो. कोणी एम.ए. करतो, कोणी पदविका. यात गैर काही नाही, प्रपंच कोणाला सुटला आहे? पण ज्या अभ्यासाचे फळ वेतननिश्चितीच्या दिवशीच हाती पडते, त्याचे पुस्तक दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाते.

एम.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा नोकरीतल्या माणसाची उरलीसुरली वाटही बंद झाली. एका वर्षाची रजा मागणे अवघड होते, दोन वर्षांची कोण देणार? परिणामी पूर्णवेळ एम.एड.च्या वर्गात नुकतेच बी.एड. झालेले तरुण-तरुणी बसतात. ते नियोजन, पर्यवेक्षण, नेतृत्वशैली शिकतात, पण त्यांच्यापाशी चालवायला शाळा नसते. ज्याच्यापाशी शाळा आहे त्याला अभ्यास मिळत नाही आणि जो अभ्यास करतो त्याला शाळा मिळत नाही. या सगळ्या प्रकरणाचे मर्म एवढेच आहे.

आपल्याच माणसाने घातलेला पाया

शैक्षणिक प्रशासन हा विषय भारतात रुजवण्यात मोठा वाटा एका मराठी माणसाचा. जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म १९०७. १९४८ मध्ये त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते. १९६४ ते ६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. शाळा तपासणाऱ्या आणि चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना घडवण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र महाविद्यालय हवे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. युनेस्कोच्या मदतीने १९६२ मध्ये दिल्लीत आशियाई केंद्र सुरू झालेच होते. त्यातून पुढे राष्ट्रीय स्टाफ कॉलेज, १९७९ मध्ये ‘नीपा’ ही राष्ट्रीय संस्था आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा, असा प्रवास झाला.

नाईकांच्या विचाराचा गाभा होता समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण. यांतले एक ओढले की दुसरे सुटते, आणि तिन्ही सांभाळायचे तर शिक्षणखात्यातल्या माणसाला हिशेबासोबत समाजही कळायला हवा. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक होत्या, पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. खुर्ची आणि अभ्यास एका घरात नांदल्याचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण.

मराठवाड्यातल्या शाळांत ही जोड जमली नाही, कारभार बदलण्याची सवय मात्र लागली. निजामी राज्यात इथल्या शाळा हैदराबादच्या ‘नाझिम-ए-तालीमात’च्या ताब्यात होत्या, उच्च शिक्षण उर्दूतून. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंटरमीजिएट कॉलेज निघाले ते १९२३ मध्ये, उस्मानिया विद्यापीठाखाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९४० च्या सुमारास नोकरीला लागलेल्या शिक्षकाने निवृत्त होईपर्यंत पाच प्रकारच्या कार्यालयांना पत्रे लिहिली. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद होते. नवा प्रयोग करायचा तर तो आधी मराठवाड्यात, ही रीत तिथपासूनची. प्रयोग राबवणारे मुख्याध्यापक मात्र दरवेळी आयत्या वेळी चार दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावले गेले.

पुस्तकातला कारभार, कपाटातला कारभार

शैक्षणिक प्रशासनाचे कोणतेही मराठी क्रमिक पुस्तक उघडा. पहिल्या काही प्रकरणांत फ्रेंच अभियंता हेन्री फेयॉल आणि त्याची चौदा तत्त्वे भेटतात. मग अमेरिकेचा ल्यूथर ग्युलिक आणि १९३७ चे ‘पोस्डकॉर्ब’: नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्था, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनही असते. ही मांडणी शाळेला लावण्याचे मूळ अमेरिकेत आहे. एलवूड कबर्लीने शाळा प्रशासनावरचा आपला गाजलेला ग्रंथ १९१६ मध्ये काढला. तो कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजचा पीएच.डी. होता. कबर्लीच्या काळी अमेरिकेतल्या शाळा कारखान्याच्या शिस्तीने चालवण्याचे वारे होते. १९६२ मध्ये रेमंड कॅलहन या इतिहासकाराने त्या वाऱ्याची झाडाझडती घेतली. मुख्याध्यापक शिक्षणाचा जाणकार राहिला नाही, खर्च वाचवणारा व्यवस्थापक झाला, असे त्याने दाखवले. आपल्या वर्गांत फेयॉल येतो, टेलर येतो, कॅलहनला मात्र क्वचितच जागा मिळते.

आता मुख्याध्यापकाचे कपाट उघडा. जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, बिंदुनामावली, लॉगबुक, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, वैयक्तिक मान्यतेचे प्रस्ताव, वेतनपथकाशी झालेला पत्रव्यवहार. संगणकावर शालार्थ, सरल, यू-डायस. या कारभारातली एक संचमान्यता घ्या. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते. मुलाचे नाव आधार कार्डावर एक आणि जनरल रजिस्टरला दुसरे, एवढ्याने तो पटातून वगळला जाऊ शकतो. अशी चार मुले गळली आणि संख्या एका रेषेखाली गेली, तर शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. त्याचे समायोजन होईपर्यंत पगाराची चिंता, वर्गाची आबाळ आणि शिक्षकांच्या खोलीत कुजबुज. ज्या मुख्याध्यापकाला हे जूनमध्ये कळते तो आईबापांना गाठून नावे दुरुस्त करून घेतो. ज्याला ऑक्टोबरमध्ये कळते तो अर्ज लिहीत बसतो. नियोजन म्हणजे काय, हे ग्युलिकपेक्षा हा प्रसंग चांगले शिकवील.

पोषण आहाराचे तसेच. तांदळाचा साठा, इंधन-भाजीपाल्याचा खर्च, स्वयंपाक करणाऱ्या बायांचे मानधन, रोजच्या ताटांची नोंद. शाळा व्यवस्थापन समितीचे तसेच. कायद्याने तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या महिला. ही समिती सह्यांपुरती ठेवायची की तिच्याकडून शाळेचा विकास आराखडा करून घ्यायचा, हा प्रशासनाचा प्रश्न आहे आणि लोकशाहीचाही. यांपैकी कशावर पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करावे लागते?

तो करतो लघुशोधप्रबंध. ‘माध्यमिक शाळांतील मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानाशी सहसंबंध’ अशा वळणाचे विषय राज्यातल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षे चालत आले आहेत. प्रश्नावली, शंभरेक शिक्षकांचा नमुना, मध्यमान, प्रमाण विचलन, टी-मूल्य, शून्य परिकल्पनेचा त्याग किंवा स्वीकार. संख्याशास्त्र वाईट नाही. पण एकाच शाळेत सहा महिने बसून तिची संचमान्यता कशी झाली, अतिरिक्त शिक्षक कुठे गेला, समितीच्या सभेला किती आया आल्या आणि काय बोलल्या, असे लिहिणारा प्रबंध दुर्मीळ. तसा एक लिहिला गेला तर पुढच्या शंभर मुख्याध्यापकांना तो कामाला येईल.

जालना रोडवरचे विद्यापीठ

प्रशासन शिकवणारी आणखी एक जागा या शहरात आहे, तिची फी जबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. एमईपीएसची नियमावलीही त्याच वर्षीची. तेव्हापासून सेवाज्येष्ठता, मान्यता, निलंबन, बडतर्फी यांचे वाद शाळा न्यायाधिकरणातून चढत चढत जालना रोडवर येतात. मराठवाड्यातल्या कितीतरी मुख्याध्यापकांना आपल्या अधिकाराची सीमा पहिल्यांदा समजते ती वकिलाच्या कार्यालयात. चौकशी समिती कशी नेमायची, आरोपपत्र कधी द्यायचे, कर्मचाऱ्याची बाजू ऐकायची कशी, हे नियमावलीत सविस्तर आहे. ते आधी न वाचल्याने बडतर्फी रद्द होते, मागचा पगार द्यावा लागतो आणि शाळेत दोन तट पडतात ते पडतातच.

न्यायालयाने महाराष्ट्रातल्या शिक्षक-शिक्षणाचा आरसाही दाखवला आहे. राज्य सरकारचा विरोध असताना २९१ डी.एड. संस्थांना मान्यता देण्याच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि एनसीटीईचे २०१४ चे विनियम त्याच्याच वाटेने आले. म्हणजे एम.एड. दोन वर्षांचे झाले त्यामागे महाराष्ट्रातल्या डी.एड.च्या दुकानदारीचाही हात आहे. आणि त्याची किंमत नोकरीत राहून शिकू पाहणाऱ्या प्रामाणिक शिक्षकाने मोजली.

कुमठ्याने काय दाखवले

चांगले प्रशासन कसे दिसते, हे पाहायला परदेशी जायची गरज नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शाळा बदलल्या, तेव्हा राज्यभरातून शिक्षक त्या पाहायला गेले. विस्तार अधिकारी हे पद आपल्याकडे तपासणीचे. शाळेत यायचे, दप्तर मागायचे, लॉगबुकात शेरा लिहायचा आणि चहा पिऊन निघायचे, ही त्या पदाची जुनी ओळख. भराडे यांनी तेच पद शिक्षकाच्या शेजारी जमिनीवर बसण्यासाठी वापरले. जादा अधिकार मिळाले नव्हते, जादा पैसा नव्हता. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, त्या काळात कुमठ्याचे नाव घरोघरी पोचले.

राज्यात १९९० च्या दशकात ४,८६० केंद्रे आखून केंद्रप्रमुख नेमले गेले, ते याच अपेक्षेने. दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी, हिंडता माणूस. प्रत्यक्षात कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि जी भरली त्यांतल्या माणसांना माहिती गोळा करून वर पाठवण्याच्या कामाला जुंपले गेले. कुमठे घडवायचे असेल तर पर्यवेक्षण ही शिकण्याची गोष्ट आहे, हे आधी मानावे लागेल.

बाहेरच्या देशांनी ते मानले आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मुख्याध्यापक व्हायला शिक्षकाच्या परवान्यापेक्षा वेगळा, प्रशासकाचा परवाना लागतो आणि त्यासाठी शैक्षणिक प्रशासनातली पदव्युत्तर पदवी घेतली जाते. सिंगापूरने २००१ पासून निवडक उपमुख्याध्यापकांना सहा महिने शाळेतून मोकळे करून राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत पूर्णवेळ शिकायला पाठवले. इंग्लंडने मुख्याध्यापकपदासाठी राष्ट्रीय अर्हता काढली, २००९ मध्ये ती सक्तीची केली आणि २०१२ मध्ये सक्ती उठवली. सक्ती आली की प्रमाणपत्राचा बाजार येतो. तो बाजार आपण डी.एड.च्या वेळी पाहिला आहे, म्हणून इंग्लंडचा धडा आपल्याला जास्त लागू.

यादी तयारच आहे

मग करायचे काय? सेवाज्येष्ठता मोडा, गुणवत्तेवर निवडा, हा सल्ला वर्तमानपत्रांतून नेहमी दिला जातो. गुणवत्ता ठरवणार कोण, याचे उत्तर मिळत नाही तोवर शिक्षक तो मान्य करणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही नाही.

पण सेवाज्येष्ठतेचा एक फायदा आपण कधी वापरलाच नाही. सेवाज्येष्ठता यादी शाळेत ठेवावी लागते, शिक्षकाच्या निवृत्तीचे वय ५८ आहे. म्हणजे येत्या पाच वर्षांत कोणत्या शाळेचा मुख्याध्यापक कोण होणार, हे आज बहुतेक ठिकाणी नावासकट सांगता येते. अमेरिकेला किंवा सिंगापूरला भावी मुख्याध्यापक हुडकावे लागतात. आपल्याकडे त्यांची यादी कार्यालयात तयार आहे. मग या माणसांना खुर्चीवर बसण्याआधी का शिकवू नये?

त्यासाठी नवी इमारत नको. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि मिपा एकाच शहरात आहेत. दोघांनी मिळून एका वर्षाची, रविवार आणि सुट्ट्यांत चालणारी मराठी पदविका काढावी. विद्यापीठाने विचार शिकवावा: नाईकांचा त्रिकोण, कॅलहनचा इशारा, शिक्षण हक्क कायद्याचा अर्थ. मिपाने कपाट शिकवावे. लघुशोधप्रबंधाऐवजी उमेदवाराने स्वतःच्या शाळेची एक संचमान्यता, एक बिंदुनामावली, एक शाळा विकास आराखडा आणि समितीच्या वर्षभराच्या सभांचे इतिवृत्त सादर करावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे आणि श्रेयांक साठवण्याची सोय आता झाली आहे. हे तास सुट्या सुट्या प्रशिक्षणांत उधळण्यापेक्षा या पदविकेत जमा व्हावेत. एम.एड.च्या तरुणांना सहा महिने केंद्रप्रमुखासोबत फिरवावे. त्यांना शाळा पाहायला मिळेल आणि केंद्रप्रमुखाला माहिती भरण्यातून थोडी उसंत मिळेल. प्रभारी मुख्याध्यापकाला मात्र एका वर्षाची पदविका परवडणार नाही, त्याच्यासाठी मे महिन्यातला पंधरा दिवसांचा वर्ग डाएटने घ्यावा आणि चार्ज घेण्यापूर्वी घ्यावा.

सक्ती सुरुवातीला नको. आधी अभ्यासक्रम कामाचा आहे हे दोन-तीन तुकड्यांनी सिद्ध करू द्या. ज्या शाळेत पुढचा मुख्याध्यापक हा अभ्यास करून बसतो आणि पहिल्याच वर्षी तिची संचमान्यता बिनचूक होते, तिच्या शेजारच्या शाळेतले शिक्षक आपसूक अर्ज करतील.

गारखेड्यातून रोज सकाळी निघणाऱ्या गाड्यांत पुढच्या पाच वर्षांचे कितीतरी मुख्याध्यापक बसलेले आहेत. त्यांची नावे शिक्षणाधिकाऱ्यांना ठाऊक आहेत, संस्थाचालकांना ठाऊक आहेत, त्यांना स्वतःलाही ठाऊक आहेत. विद्यापीठाला ती ठाऊक नाहीत, कारण ती कोणी कळवलेली नाहीत. या दिवाळीनंतर शाळा उघडल्या की प्रत्येक संस्थेने आणि जिल्हा परिषदेने सेवाज्येष्ठता यादीतली पहिली तीन नावे विद्यापीठाला आणि मिपाला पाठवावीत, आणि त्या दोघांनी त्यांच्यासाठी येत्या जूनमध्ये एक वर्ग उघडावा. याला शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही, एका पत्राची आहे.